प्रमोशन केडरचा क्लास, गणेशपूर बाजू : बोर्ड सोडून सगळं चांगलं

5 पैकी 4 स्टार. एक स्टार बोर्डासाठी कापलाय, त्याचं पुढं सांगतो.

आधी एक क्लिअर करतो, हा भरतीचा क्लास नव्हे. तसले आमच्या बेळगावात आता गल्लोगल्ली झालेत, पहाटे व्हॅक्सिन डेपोवर जाऊन बघा किती पोरं पळूलालीत ते. हा क्लास आहे भरती होऊन आत गेलेल्या पोरांसाठी, म्हणजे सुट्टीवर घरी आलेल्या शिपायासाठी, ज्याला परत युनिटात गेल्यावर केडर, म्हणजे प्रमोशनसाठीचा कोर्स, करायचंय आणि वरच्या रँकची फीत बाहीवर लावायची आहे. असला क्लास असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते सांगत नाहीत, कारण सांगितलं तर शेजारच्या गावचा पोरगा पण शिकून जाईल ना.

एक रिटायर्ड सुभेदारसाहेब घरातल्या पुढच्या खोलीत घेतात. नाव लिहीत नाही, त्यांनीच लिहू नको म्हटलंय, गणेशपूर बाजूला जाऊन "मॅप रीडिंगवाले साहेब" एवढं विचारलं तरी कुणीही दाखवेल. त्या बाजूला हिंडलग्यापर्यंत चार घरं सोडून एक घर फौजीचं आहे.

मी स्वतः 2004 चा भरती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरलाच ट्रेनिंग झालं, म्हणजे घर खानापूर तालुक्यात, सेंटर बेळगावच्या कॅम्पात, एसटीनं तासाभराचा रस्ता आणि तरी महिनोन्‌महिने आईचं तोंड बघायला मिळालं नाही. 19 वर्षं करून 2023 ला हवालदार म्हणून स्वतःच्या अर्जावर बाहेर पडलो, वडिलांना पॅरालिसिसचा झटका आलेला, दुसरं कोण बघणार. आता बँकेत गार्ड आहे. 2009 च्या सुट्टीत ह्याच साहेबांकडं पंधरा दिवस बसलो होतो, तेव्हा ते नुकतेच रिटायर होऊन आलेले, फी म्हणून काही नव्हतं, जाताना अर्धा किलो कुंदा दिला तर घेतले. यंदा माझ्या काकांचा धाकटा तिथं बसला, तो 2019 चा, म्हणजे अग्निपथच्या आधीच्या शेवटच्या शेवटच्या पोरांपैकी. त्याला रोज सोडायला आणायला मीच गाडी घेऊन जात होतो आणि बाहेर कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होतो, त्यामुळं हा रिव्ह्यू दोन वेळचा आहे असं समजा.

फी आता 2500 रुपये आहे पंधरा दिवसांची. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी परत दोन तास. बॅच आठ जणांची म्हणतात खरं ह्यावेळी चौदा होते, चौघं पायरीवर बसलेले. पंखा एकच. डास आहेत, ओडोमॉस लावून जा.

आत शिरलं की पहिलं काम म्हणजे मोबाईल बंद करून पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. आणि युनिट कुठलं, लोकेशन कुठलं, हे साहेब विचारत नाहीत आणि कुणी सांगायला लागला तर हात वर करून थांबवतात. 2009 ला पण हेच होतं, फक्त डबा छोटा होता. मला ही गोष्ट लई आवडते. नाहीतर गावात येऊन पोरं चहाच्या टपरीवर काय काय बोलतात, ऐकवत नाही.

नकाशे आर्मीचे नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचे सिव्हिलवाल्यांना मिळतात ते 1:50,000 चे, त्यावर साहेबांनी स्वतः पेन्सिलीनं ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांची जाळी, मारलेली. आमचा भाग जुन्या नंबरानं 48 आय मध्ये येतो, बेळगाव, खानापूर सगळं. म्हणजे शिकायला काश्मीर राजस्थान लागत नाही, स्वतःच्या गावचा ओढा नकाशावर बघून शिकायचं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपलं घर शोधायला लावतात. आमच्या धाकट्याला स्वतःचं गाव सापडायला वीस मिनिटं लागली, कारण हा रस्ता धरून शोधूलाला आणि नकाशावर आमच्या गावाचा रस्ता कच्चा म्हणून तुटक रेषेत होता. साहेब म्हणाले, "रस्ता माणूस बदलतो, ओढा बदलत नाही, ओढा धरून चल." मग दोन मिनिटात सापडलं.

सहा आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे त्या जाळीवरनं काढलेला जागेचा नंबर, त्यानं शंभर मीटरपर्यंत जागा सांगता येते, नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर, कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या, दोन रेषांत 20 मीटरचा चढ, हे सगळं पुस्तकात असतंय. खरं पोरं चुकतात कुठं तर आडवा आकडा आधी की उभा आधी. परीक्षेत घाई झाली की उलटं लिहितात आणि तुमचा सेक्शन, म्हणजे तुमची छोटी तुकडी, दुसऱ्याच डोंगरावर जाऊन बसतो. साहेबांचं ह्याला एक वाक्य आहे, "आधी बांध, मग माडी." आधी बांधानं आडवं चालायचं, मग माडीवर चढायचं. 2009 ला मला हेच सांगितलेलं आणि आजही बँकेत लॉकरचा नंबर वाचताना माझ्या तोंडात बांध-माडी येतं, काय करायचं.

आता खरी मजा सांगतो. आठव्या दिवशी सगळ्यांना उचगावच्या बाजूला माळावर नेलं, रिसेक्शन करायला. रिसेक्शन म्हणजे आपण कुठं उभे आहोत ते माहीत नाही असं समजायचं, लांबच्या दोन ओळखीच्या जागांचं कंपासनं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, घ्यायचं, त्याचं बॅक बेअरिंग, म्हणजे तिकडून इकडचा उलटा कोन, काढायचं, 180 मिळवा नाहीतर वजा करा, आणि नकाशावर दोन्हीकडून रेषा ओढायच्या, जिथं कापतील तिथं तुम्ही. एका बाजूला राजहंसगड, दुसऱ्या बाजूला वैजनाथचा डोंगर. हवा स्वच्छ होती, गड एकदम मस्त दिसत होता. आमचे महाशय माझ्याच बुलेटच्या टाकीवर नकाशा पसरून, कंपास तिथंच डोळ्याला लावून बेअरिंग घेतले. रेषा मारल्या. साहेब आले, चष्मा कपाळावर केला, नकाशा बघितला आणि शांतपणे म्हणाले, "जवान, पोहता येतं का?" म्हटला, येतंय साहेब. "बरं झालं, कारण तू आत्ता राकसकोप धरणाच्या पाण्यात उभा आहेस."

सगळे हसले. मग साहेबांनी त्याला गाडीपासून पन्नास पावलं लांब नेलं, खिशातल्या चाव्या काढायला लावल्या, बेल्टचं बक्कल बाजूला करायला लावलं, आणि परत बेअरिंग घ्यायला सांगितलं. सुई सरकली ती सगळ्यांना बोलावून दाखवली. लोखंडाजवळ कंपास खोटं बोलतो हे आम्ही सगळे पाठ करून लिहितो, खरं सुई फिरताना स्वतःच्या डोळ्यानं बघितलेली वेगळी. वर सांगितलं की एक डिग्री चुकली तरी एक किलोमीटरवर सतरा मीटर फरक पडतो, दहा किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर, आणि रात्रीच्या पेट्रोलिंगला पावणेदोनशे मीटर म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं बघितलं सगळ्यांकडं. मला वाटतं 2500 पैकी 2000 तरी त्या एका सकाळचेच असावेत.

वर्ड ऑफ कमांडची, म्हणजे परेडच्या हुकमांची, प्रॅक्टिस घराच्या मागं उसाच्या कडेला. एक जण इकडच्या बांधावर, स्क्वॉड तिकडच्या बांधावर, मध्ये शंभर पावलं. पोरं पहिल्या दिवशी गळ्यातून ओरडतात, तिसऱ्या दिवशी घसा बसतो, मग साहेब पोटावर हात ठेवून आवाज कुठून काढायचा दाखवतात. पहाटे पावणेसहाला "दाहिने मुड" असा आवाज गेला की पलीकडं भांगलणीला आलेली एक मावशी रोज ओरडायची, "काय मेलंय काय रे तिकडं?" साहेब म्हणतात ती मावशीच खरी एक्झामिनर, तिनं ओरडलं म्हणजे आवाज पोचला.

लेक्चरेट पण घेतात, पाच मिनिटं उभं राहून हिंदीत बोलायचं. आमच्या सीमाभागातल्या पोरांचं इथंच अडतं बघा. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत दोन्ही अर्धं अर्धं, आणि हिंदी म्हणजे टीव्हीवरची. धाकटा "मेरेको ऐसा लगता है की" म्हणून सुरू करायचा आणि चौथ्या वाक्याला "खरं" घालायचा, "खरं साहब वो रास्ता बंद था". आता हिंदीवाल्याला "खरं" म्हणजे "पण" हे कसं कळणार. साहेबांनी एक डबा ठेवला, प्रत्येक "खरं" ला एक रुपया. शेवटी त्या डब्यातनं सगळ्यांना चहा-भजी झाली म्हणे. सेक्शनला ऑर्डर कशी द्यायची ते पण खबर, मकसद, तरीका असं क्रमानं, प्रत्येकाकडून दहा दहा वेळा. शेजारच्या टेकाडाला दुश्मन आणि गोठ्याला आडोसा करून. म्हैस बिचारी रवंथ करत बघत असते.

फिजिकलला साहेब आता वेळ देत नाहीत, गुडघे गेलेत. फक्त सांगतात. आमच्या वेळी बीपीईटीला, म्हणजे आर्मीच्या फिजिकल टेस्टला, 5 किलोमीटर सगळ्या सामानासकट, 25 मिनिटांच्या आत आलं की एक्सलंट, मग 60 मीटर स्प्रिंट, दोन्ही रस्से, 9 फुटाचा खड्डा. ते तुम्हाला कुठला क्लास शिकवू शकत नाही, उठायचं आणि पळायचं.

आता बोर्ड.

गेटवर बोर्ड आहे, वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली छोट्या अक्षरात मराठी. आता कर्नाटकात 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाल्यापासून सगळ्यांनीच बोर्ड रंगवून घेतलेत, त्यात काही नाही, मला कन्नड वाचता येतं. प्रॉब्लेम हा की मराठीत लिहिलंय "प्रमोशन केडर मार्गदर्शन" आणि कन्नडमध्ये लिहिलंय "लवकर प्रमोशन, ग्यारंटी". मी पहिल्याच दिवशी बघून तापलो. अरे आर्मीत प्रमोशनची ग्यारंटी युनिटचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर पण देऊ शकत नाही, तुम्ही कसली देताय. त्या ग्यारंटीवर बैलहोंगल बाजूचे दोन पोरगे आलेले, त्यांना वाटलं साहेबांची वर ओळख आहे, सेटिंग होईल. त्यातला एक तिसऱ्या दिवशी सरळ विचारलाच, "साहेब, जास्तीचं काही द्यायचं असलं तर?" साहेबांनी त्याचे 2500 त्याच्या हातात ठेवले आणि गेट दाखवलं. मग दुसऱ्यानं मधे पडून समजूत घातली, माफी मागितली, बसला परत. तो पोरगा नंतर सगळ्यात चांगलं मॅप रीडिंग करूलाला हे पण सांगायला पाहिजे.

मी साहेबांना बोर्डाचं विचारलं. साहेब मराठी मिडीयमचे, कन्नड बोलतात फाडफाड खरं वाचता येत नाही, सहा महिने रोज त्या बोर्डाखालून जाऊलालेत आणि त्यांना पत्ताच नव्हता. पेंटरनं म्हणे स्वतःच्या मनानं घातलं, "साहेब ग्यारंटी शिवाय कोण येत नाही आजकाल." म्हटलं पुसा. म्हणाले पुसतो. अजून पुसलेलं नाही, काल पण बघून आलो. म्हणून एक स्टार कमी.

कारण हे जे लवकर प्रमोशन म्हणतात ना त्याचं गणित बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, आणि आतल्या नवीन पोरांना पण नसतं. लोकांना वाटतं कंपनीत असतं तसं, चांगलं काम केलं, साहेब खूश झाले, वर घेतलं. तसं नाही. युनिटात सीनियॉरिटीचा रोल, म्हणजे यादी असते, तुमचा नंबर ठरलेला. वरची जागा रिकामी झाली, कोण पेन्शन गेला, कोण हवालदार झाला, की रोलवरचा पुढचा माणूस घ्यायचा. फक्त तो माणूस क्वालिफाय पाहिजे. केडर पास, मॅप रीडिंग पास, मेडिकल शेप वन म्हणजे एकदम फिट, फायरिंग, फिजिकल, आणि डिसिप्लिनचं पान स्वच्छ. ह्यातलं एक जरी अडकलं तर तो बाजूला आणि त्याच्या मागचा पुढं. म्हणजे लवकर प्रमोशन म्हणजे काय तर व्हॅकन्सी आली त्या दिवशी तुम्ही तयार होता आणि तुमच्या पुढचा तयार नव्हता. बस.

खेळाडूंचं वेगळं, ते ह्या रांगेत नसतात. नीरज चोप्रा 2016 ला डायरेक्ट नायब सुभेदार म्हणूनच आत आला. आपला बीडचा अविनाश साबळे शिपाई म्हणून महार रेजिमेंटला भरती झालेला, सियाचीनला ड्यूटी केलेला, आणि पायाच्या जोरावर कुठल्या कुठं गेला. तेवढं पळता येत असेल तर क्लासला पैसे घालवू नका.

माझं स्वतःचं सांगतो. मला नायकाची दुसरी फीत 2010 ला लागली, सहाव्या वर्षी. आमच्या बॅचमध्ये पहिला. गावात आईनं पेढे वाटले, काकांनी सगळ्यांना सांगितलं पोरगं हुशार म्हणून. होतो पण थोडाफार, केडरमध्ये मॅप रीडिंगला वरचा होतो ते ह्या साहेबांमुळंच. खरं रोलवर माझ्या पुढं चार जण होते. एक मेडिकलमध्ये खाली गेलेला, गुडघा. दोघं केडरला मॅप रीडिंगमध्ये उडाले. आणि चौथा माझा बंकमेट, सांगली बाजूचा, माझ्यापेक्षा सगळ्यात सरस. फायरिंग म्हणू नका, पळणं म्हणू नका. तो आदल्या वर्षी गावच्या जत्रेला सुट्टीवर गेला आणि तीन दिवस उशिरा आला. आजी गेली होती, फोन लागला नाही म्हणाला, खरं होतं का खोटं माहीत नाही. त्याला रेड एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल नोंद, बसली. ती एंट्री असताना त्याचा नंबर आला आणि गेला, आणि माझा आला.

ज्या दिवशी ऑर्डर आली त्या रात्री बॅरेकमध्ये माझ्याकडं दोरा नव्हता. त्यानंच आपली हाउसवाइफ काढली, म्हणजे फौजीची सुईदोऱ्याची पिशवी हो, आणि माझ्या बाहीवर दुसरी फीत त्यानं टाचली. बरोबर मोजून, पहिल्या फितीला समांतर, दात लावून दोरा तोडला. म्हणाला, "घे, आता उद्या मला फॉल इन करायला लाव." मी लावला पण. काय बोलायचं होतं ते मला तेव्हा सुचलं नाही आणि आता पण सुचत नाही. तो पुढं हवालदार झाला, दोन वर्षं मागून. अजून दिवाळीला फोन करतो.

म्हणून मला ग्यारंटी शब्दाचा राग येतो.

पैशाचं पण पोरं चुकीचं धरून बसतात. शिपायाचं सुरुवातीचं बेसिक 21,700, नायकाचं 25,500, हवालदाराचं 29,200, बरोबर. खरं एमएसीपी म्हणून एक आहे, 8, 16 आणि 24 वर्षांना फीत लागो न लागो पगाराची पायरी वर जाते. म्हणजे सहाव्या वर्षी नायक झालात काय आणि नाही झालात काय, पगाराचा फरक आठव्या वर्षापर्यंतचाच म्हणायचा. खरा फायदा वेगळा. शिपाई म्हणून राहिलात तर साधारण 17 वर्षांत ट्रंक भरायची वेळ येते, नायक 22, हवालदार 24, एक्सटेन्शन वेगळं. पस्तीस-छत्तीसाव्या वर्षी घरी येऊन बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं का पोरांचं शिक्षण होईपर्यंत नोकरीत राहायचं, प्रश्न हा आहे. आणि नायक लवकर तर हवालदारच्या रांगेत पण लवकर. हे साहेब फळ्यावर आकडे लिहून समजावतात, पहिल्याच दिवशी, आणि त्या दिवशी पोरांची तोंडं बघायला पाहिजेत.

अग्निवीर पोरं पण येतात विचारायला. त्यांना साहेब घेत नाहीत. चहा पाजतात आणि सांगतात की चार वर्षांची नोकरी आहे, त्यात फितीचं डोकं लावू नको, 25 टक्क्यांत राहा, राहिलास तर ये, तोपर्यंत मी जिवंत असलो तर शिकवतो. पहिली बॅच 2023 च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेलेली, त्यांचे दिवस आता भरत आलेत, त्यामुळं फेऱ्या वाढल्यात. एक पोरगा तर गेटवर उभा राहून रडला, मी बघितलंय.

तक्रारी पण लिहितो, नाहीतर म्हणाल ओळखीचा म्हणून चांगलं लिहिलं. झेरॉक्स नोट्स भिकार. कंटूरच्या रेषा एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग, त्यावरनं टेकडी का खड्डा काय कळणार. 2009 ला हाताने काढलेले होते ते बरे होते. दुसरं, साहेब वयामुळं आता गोष्टीत शिरतात, एकदा का पोस्टवरच्या बर्फाची गोष्ट सुरू झाली की तास जातो आणि बॅक बेअरिंग राहतं तसंच. गोष्टी भारी असतात, त्याबद्दल वाद नाही, खरं पोराची सुट्टी मोजून असते हो. तिसरं म्हणजे धाकट्याला अकराव्या दिवशी निघावं लागलं, रिझर्व्हेशन आधीचं मिळालं, तर चार दिवसांचे पैसे परत नाहीत. नियम म्हणे. ठीक आहे, खरं निदान नोट्स तरी पोस्टानं पाठवा की. पार्किंग नाही, शेजारच्या घरासमोर गाडी लावली तर तिथले काका हवा काढतात. माझी काढली. दोनदा.

जाणाऱ्यांनी सर्व्हिस प्रोट्रॅक्टर (नकाशावर कोन मोजायची पट्टी) स्वतःचा न्या, तिथं चौदा जणांत तीन आहेत आणि त्यातल्या एकाचा कोपरा तुटलाय. पेन्सिल टोकदार, एचबी नको, जरा कडक शिशाची. सीबीटीवरनं, म्हणजे बेळगावच्या सिटी बसस्टँडवरनं, गणेशपूरची बस आहे खरं पहाटेची धरवत नाही, कुणाला तरी सोडायला सांगा.

आणि सुट्टी संपायच्या आत परत पोचा, एक दिवस आधीच. हे साहेब पंधरा दिवसांत पंधरा वेळा सांगतात, मी सोळाव्यांदा सांगतो.

धाकट्याचं काय झालं विचाराल तर केडर पास झाला, मॅप रीडिंगला चांगले मार्क पडले. फीत अजून नाही. रोलवर त्याच्या पुढं दोघं आहेत आणि दोघं पण सध्या क्वालिफाय नाहीत, व्हॅकन्सी दोन-तीन महिन्यांत येईल म्हणतात. त्यानं खूश होऊन साहेबांना फोन लावला, मी बाजूलाच बसलेलो, स्पीकरवर होता. साहेबांनी पहिलं विचारलं, "पुढचे दोघं कशात अडकलेत?" हा म्हणाला, "एकाचं मेडिकल आहे साहेब, दुसऱ्याला मॅप रीडिंग येईना."

"मग शिकव की त्याला. रोल कॉल झाल्यावर अर्धा तास."

फोन कट केल्यावर धाकटा मला व्हॉट्सअपवर लिहितो, दादा हा म्हातारा माझा नंबर घालवूलालाय. मी अंगठा पाठवला, दुसरं काय पाठवणार. आठवड्यानं परत त्याचा मेसेज, त्या पोराला बांध-माडी काही केल्या डोक्यात शिरेना, हिंदीत काय म्हणायचं रे त्याला.